जुनी प्रेमकादंबरी वेगळी, ऐतिहासिक प्रेमकादंबरी वेगळी

कोल्हापूरच्या वाचनालयांत प्रेमकादंबरी मागणारे वाचक साधारण दोन तऱ्हेचे दिसतात. एक म्हणतात, "जुन्या काळातलं काहीतरी द्या." दुसरे म्हणतात, "आत्ताचं द्या, ते वाडे आणि शालू नकोत." मागणी सरळ वाटते. पण कपाटापाशी गेलं की घोटाळा सुरू होतो, कारण पिवळ्या पानांची कादंबरी आणि मागच्या काळावर लिहिलेली कादंबरी एकाच खणात ठेवलेली असते. पुस्तक घरी जातं, आठवड्यात परत येतं आणि वाचक म्हणतो, "मला हे नको होतं."

ना. सी. फडक्यांचं उदाहरण इथे सगळ्यात जवळचं. ते कोल्हापूरच्याच राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांच्या कादंबऱ्यांतली कॉलेजं, मोटारी, टेनिस, झुळझुळीत पातळं नेसलेल्या नायिका हे सगळं आज वाचताना जुन्या जमान्यातलं वाटतं. पण लिहिणाऱ्यासाठी ते चालू वर्तमान होतं. ती त्या काळची अगदी ताजी, आधुनिक प्रेमकादंबरी होती. आज ती जुनी झाली, पण म्हणून ऐतिहासिक होत नाही.

इंग्रजीतली एक जोडी हा फरक स्वच्छ दाखवते. जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' १८१३ साली आली. तिच्या पहिल्या वाचकांना त्यातले नाच, घोडागाड्या, लग्नाची बोलणी हे आपल्याच शेजारचं वाटलं असणार. पुढच्याच वर्षी, १८१४ मध्ये, वॉल्टर स्कॉटची 'वेव्हर्ली' आली. ती स्कॉटलंडमधल्या १७४५ च्या बंडाच्या काळात घडते, म्हणजे लेखक जवळजवळ सत्तर वर्षं मागे वळून बघतोय. आपल्याला दोन्ही सारख्याच जुन्या, पण पहिली समकालीन आणि दुसरी ऐतिहासिक. पुढे १९३५ साली जॉर्जेट हेयरने ऑस्टिनच्याच काळावर, ज्याला इंग्रजीत 'रीजन्सी' म्हणतात, 'रीजन्सी बक' लिहिली, तेव्हा तो काळ इतिहासात जमा झालेला होता. आज इंग्रजीत ज्या रीजन्सी प्रेमकादंबऱ्यांची रांग लागलेली दिसते, तिची सुरुवात हेयरपासून धरतात.

पुस्तक हातात घेऊन ओळखायचं असेल तर माझी खूण अशी: लेखक काय समजावून सांगतो ते बघा. स्वतःच्या काळावर लिहिणारा टांगा म्हणजे काय हे सांगत बसत नाही, टांगा येतो आणि माणसं बसतात. मागच्या काळावर लिहिणाऱ्याला टांग्याची घंटा, घोड्याचा वास, चाबूक ठेवायची जागा असं काहीतरी दाखवावं लागतं, कारण वाचक त्यात कधी बसलेला नसतो. पहिली दहा पानं वाचली की हे कळतं.

आता खरा फरक. प्रेमकथेला अडथळा लागतो. ऐतिहासिक कादंबरीत तो बाहेर तयार असतो: घराणं, जात, सोवळं, लढाई, वेळेवर न पोहोचलेलं पत्र. समकालीन कादंबरीत तो माणसांच्या आत शोधावा लागतो, कारण दोघांच्या खिशात फोन आहे आणि कोल्हापूरहून पुणं काही तासांवर आहे.

उखाण्याचंच बघा. नवऱ्याचं नाव एरवी तोंडातून काढायचं नाही अशा घरातली नवी सून, माजघरात बायकांनी तिला घेरलेलं, आणि "नाव घे" म्हणून आग्रह चाललाय. दाराआड तो उभा आहे हे तिला ठाऊक आहे. त्या दोन ओळींत ती त्याचं नाव पहिल्यांदा सगळ्यांसमोर उच्चारते. ऐतिहासिक प्रेमकादंबरीत हा प्रसंग कबुलीजबाबाच्या तोडीचा होऊ शकतो. हाच उखाणा आजच्या कादंबरीत घातला तर? ती गेली काही वर्षं त्याला नावानेच हाक मारतेय, अरेतुरे करतेय. मग उखाणा मांडवातली गंमत होतो, मैत्रिणी मोबाईलवर टिपतात. तिथे कबुली दुसरीकडे शोधावी लागते, कदाचित तिने त्याच्या आईच्या औषधांच्या वेळा न विचारता पाठ केल्यात, यात.

म्हणून वाचकांच्या तक्रारीही वेगवेगळ्या असतात. ऐतिहासिक वाचणाऱ्यांची मोठी तक्रार ही, की नायिकेला नऊवारी नेसवली पण डोकं आजचं बसवलं. ती पेशवाईत राहून आजच्या मुलीसारखी भांडते आणि कुणालाही त्याचं आश्चर्य वाटत नाही. ही तक्रार मला रास्त वाटते. पण उलट बाजूही अवघड आहे. त्या काळातली लग्नं बालपणी व्हायची. विवाहसंबंधांच्या संमतीचं वय १८९१ च्या कायद्याने बारा झालं, आणि १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरवलं. त्याआधीचं प्रेम लिहिताना लेखक हे लपवतो, की तोंड देतो? बरेच जण मुलीचं वय गुळमुळीत ठेवतात. जाणता वाचक तिथेच पुस्तक मिटतो, आणि बरोबर करतो.

समकालीन वाचणाऱ्यांचा राग गैरसमजांवर असतो. एका फोनने मिटेल असा गैरसमज दोनशे पानं ताणला की वाचक वैतागतो. दुसरा राग आपल्या गावाचा आहे. नायक कोल्हापूरचा म्हणायचं, रंकाळ्यावर एक संध्याकाळ, तांबडा-पांढरा रस्सा, अंबाबाईचं दर्शन, झालं कोल्हापूर. ऊसतोडीच्या हंगामात घरात पैशाचं काय चाललेलं असतं, गुजरीतल्या सराफाकडे दागिना मोडताना आई काय बोलते, पंचगंगेला पूर आला की कोण कुणाकडे राहायला जातं, यातलं काहीच नाही. आत्ताच्या काळावर लिहिणं सोपं असतं हा समज मला पटत नाही. पेशवाईतली चूक पकडायला अभ्यास लागतो, महाद्वार रोडवरची चूक कुणीही पकडतं.

एक तिसरी सरमिसळही होते. जिल्ह्यातल्या कोवाडच्या रणजित देसाईंची 'स्वामी' (१९६२) माधवराव-रमाबाईंसाठी वाचणारे पुष्कळ आहेत, मीही त्यांतलीच. पण ती प्रेमकादंबरी म्हणून कुणाच्या हाती देऊ नये. ती ऐतिहासिक कादंबरी आहे. १७७२ मध्ये थेऊरला माधवराव वारणार आणि रमाबाई सती जाणार, हे इतिहासाने ठरवलेलं आहे, लेखकाला ते बदलता येत नाही. प्रेमकादंबरीचा वाचक दोघं शेवटी एकत्र येतील या भरवशावर वाचत असतो. तो भरवसा देता येतो तो मुख्यतः कल्पित जोडीला, मग काळ कुठलाही असो. खांडेकरांची 'ययाति' तर पौराणिक, तिचा खणच निराळा.

मला स्वतःला दोन्ही प्रकार हवे असतात, आणि कोल्हापुरात दोन्हींसाठी कच्चा माल पडून आहे याची हळहळ वाटते. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये विधवांच्या पुनर्विवाहाला आणि १९१९ मध्ये आंतरजातीय विवाहाला संस्थानात कायद्याचा आधार दिला. कायदा बाजूने आणि गल्ली विरोधात, अशी जोडी मला वाचायची आहे. नवऱ्यामागे माहेरी आलेली मुलगी, दुसऱ्या जातीचा तरुण मास्तर, आणि दरबारचा कायदा आपल्या वाड्यात चालणार नाही म्हणून बसलेला चुलता. ही ऐतिहासिक झाली. तीच जोडी आज घेतली आणि त्यांनी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं ठरवलं, तर आधी नोटीस द्यावी लागते, ती विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत फलकावर लागते आणि हरकतीसाठी तीस दिवस असतात. त्या तीस दिवसांत कचेरीत कामाला आलेला तिचा मामा तो फलक वाचतो की नाही, एवढ्यावर समकालीन कादंबरी उभी राहते.