एका अंशाने कललेला पायरॅनोमीटर

‘आज ४१ अंश ऊन होतं’ हे वाक्य दर एप्रिलमध्ये ऐकू येतं. खरं तर ४१ अंश हे सावलीतल्या हवेचं तापमान. ऊन मोजतात वॅट प्रति चौरस मीटरमध्ये, आणि छतावर सौर पॅनेल लावणाऱ्याला हाच आकडा हवा. पॅनेल तापलं की वीज उलट घटते.

ऊन मोजतो पायरॅनोमीटर. काचेच्या घुमटाखाली काळी तबकडी, तिला चिकटून थर्मोपाइल, म्हणजे उष्णतेतल्या फरकातून व्होल्टेज देणारा भाग. तबकडी तापली की व्होल्टेज निर्माण होतं. पण भर दुपारच्या १००० वॅटलाही जेमतेम १० मिलिव्होल्ट मिळतात, म्हणून केबल शिल्डेड, म्हणजे बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारं आवरण असलेली हवी. जागा अशी निवडा की टाकीची वा झाडाची सावली वर्षभरात कधीच पडणार नाही.

खरी मेख आहे पाणसळीत, म्हणजे तबकडी अगदी आडवी असण्यात. थेट उन्हाची ऊर्जा सूर्याच्या शिरोबिंदूपासूनच्या (थेट डोक्यावरच्या बिंदूपासूनच्या) कोनाच्या कोसाइनप्रमाणे बदलते. पुण्यात मे महिन्याच्या मध्यावर, शून्य सावलीच्या दिवशी, हा कोन माध्यान्ही शून्य असतो. तेव्हा तबकडी एक अंश कलली तरी आकडा हलत नाही, कारण १ अंशाची कोसाइन ०.९९९८ आहे. २२ डिसेंबरच्या माध्यान्ही मात्र कोन ४२ अंशांचा. तबकडी दक्षिणेला एक अंश झुकली तर तो ४१ होतो, आणि ०.७४३ च्या जागी ०.७५५ येतं. चूक दीड टक्क्याहून जास्त! सूर्य क्षितिजापासून २० अंशांवर असताना त्याच्या दिशेचा तेवढाच कल आकडा जवळपास ५ टक्क्यांनी फुगवतो. म्हणजे मे महिन्यात दुपारी तपासून ‘उत्तम’ ठरलेलं उपकरण हिवाळाभर चुकत राहतं.

पूर्वेकडचा कल आणखी फसवा. सकाळी आकडा फुगतो, संध्याकाळी तेवढाच आटतो आणि दिवसाची बेरीज बरोबर दिसते. यावर एकच उपाय, निरभ्र दिवसाचा आलेख पाहा. तो माध्यान्हाच्या दोन्ही बाजूंना सारखा हवा. आणि पुण्यातलं माध्यान्ह घड्याळात साधारण साडेबाराच्या आसपास येतं, बाराला नव्हे.

ग्रहणात याच आलेखाला फक्त खळगा पडतो. अन्न नासवणारे कुठलेही जादा किरण त्या वेळी येत नाहीत, ऊन कमी होतं इतकंच.

रात्री आकडा शून्याखाली दोन-चार वॅट गेला तर घाबरू नका. घुमट आकाशाकडे उष्णता टाकून तबकडीपेक्षा थंड होतो, त्याचा तो परिणाम. रात्री आकडा शून्याच्या ठळकपणे वर असेल, तर मात्र आधी केबलचे जोड तपासा.