डिशची पिन घरी बसवताय? आधी हे वाचा

पावसाळा लागला की ‘डिशचा सेट-टॉप बॉक्स गेला, बदलून द्या’ म्हणत ग्राहक दुकानात येतात. इथे लावून बघितला तर बॉक्स व्यवस्थित चालतो. दोष बहुतेक वेळा केबलच्या टोकाला घरी बसवलेल्या पिनेत निघतो.

डिशच्या केबलमधून नुसता सिग्नल खाली येत नाही. बॉक्स त्याच केबलच्या मधल्या तारेतून वर एलएनबीला (डिशसमोरच्या दांडीवर बसवलेला, सिग्नल पकडणारा भाग) १३ किंवा १८ व्होल्ट पाठवत असतो. केबल सोलताना तारेभोवतीच्या धातूच्या जाळीचा केसाएवढा धागा त्या तारेला चिकटला तरी शॉर्ट होतो, एलएनबीला करंट मिळत नाही आणि टीव्हीवर ‘नो सिग्नल’ येते. मग लोक गच्चीवर जाऊन डिश हलवतात, आणि नीट लागलेली दिशाही जाते. पिनेचे पाच मिनिटांचे काम. पण आता आमच्या माणसाला सिग्नल मोजायचा मीटर घेऊन डिश नव्याने लावावी लागते. त्याचे पैसे घ्यावेच लागतात.

म्हणून डिशला हात लावू नका, आधी दोन्ही टोकांच्या पिना बघा. बॉक्सचा प्लग काढून मगच पिन सोडवा. ती उजेडात समोरून धरा. पांढरे इन्सुलेशन आत तळाशी सपाट टेकलेले हवे, तार मधोमध आणि पिनेच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर. जाळी मागे, वरच्या काळ्या आवरणावर उलटी दुमडलेली. पुढे एकही धागा नको.

तार ब्लेडने खरवडू नका. लोहचुंबक लावून ‘लोखंडाची तार दिलीत’ म्हणणारेही येतात. आत स्टील आणि वर तांब्याचा थर, अशीच ही केबल बनते. सिग्नल वरच्या थरातूनच जातो, म्हणून तो खरवडायचा नाही. केबल फार लांब न्यायची असेल तर मात्र पूर्ण तांब्याची घ्या, व्होल्टेज कमी पडत नाही. तीही ठेवतो.

आरजी-६, आरजी-५९ ही केबलच्या जाडीची मापे; ५९ बारीक. आरजी-६ केबलला आरजी-६ चीच पिन लागते. आरजी-५९ ची ठोकून बसवली की जाळी आत गोळा होते. फिरवून बसवायची पिन टीव्हीमागे चालेल. गच्चीवर आम्ही कॉम्प्रेशन पिनच, म्हणजे हत्याराने दाबून घट्ट बसवायची पिन, लावतो. महाग आहे, पण खानापूर-जांबोटीकडच्या पावसात साध्या पिनेतून पाणी शिरते, जाळी काळी पडते आणि तेवढी केबल कापून टाकावी लागते. एलएनबीजवळ केबलला खाली झोळ ठेवा, पाणी तिथूनच गळून जाते.

येताना जुन्या केबलचा वीतभर तुकडा आणा, मापाची पिन देऊ. केबल आमच्याकडून घेतलीत तर दोन्ही टोकांना पिना बसवून, तपासूनच देतो; बसवण्याची मजुरी नाही.