पर्यटन-भूयोग्यता (कोकण किनारा)

एखादी जागा पर्यटनाच्या कोणत्या वापराला, कोणत्या हंगामात आणि किती धोका पत्करून चालेल, हे ठरवणे म्हणजे पर्यटनासाठी भूयोग्यता मूल्यमापन. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या १९७६ च्या चौकटीत जमिनीचे योग्य व अयोग्य असे वर्ग आहेत. त्यात ‘सध्या अयोग्य’ आणि ‘कायम अयोग्य’ हा भेदही आहे. कोकणात तोच सर्वांत मोलाचा.

प्रचलित पद्धतीत उतार, माती, भरतीरेषेपासूनचे अंतर, पूररेषा, गोडे पाणी, रस्ता अशा घटकांना गुण देऊन नकाशे एकावर एक ठेवतात व बेरीज करतात. फसगत होते ती याच बेरजेत. खोलीतून समुद्र दिसतो, रस्ता दाराशी आहे, याचे भरघोस गुण धोक्याचे कमी गुण झाकून टाकतात. मालवण तालुक्यातले देवबाग म्हणजे कर्लीची खाडी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. दोन्हीकडे पाणी म्हणून देखाव्याचे गुण दुप्पट. पण धूपही दोन्हीकडून, आणि बाहेर पडायला तारकर्लीवरून जाणारा एकच रस्ता. म्हणून धोक्याची चाळणी आधी लावावी, गुण नंतर मोजावेत.

ही चाळणी किनाऱ्यापुरती ठेवून भागत नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडवले आणि त्याच दिवशी महाडजवळच्या तळियेवर दरड कोसळली. नदीकाठी निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. मुक्कामाच्या खोल्या लाल रेषेबाहेरच हव्यात.

परवानगी म्हणजे योग्यता नव्हे. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात ना-विकास क्षेत्र, म्हणजे भरतीरेषेलगतचा बांधकामाला मनाई असलेला पट्टा, २०० ऐवजी ५० मीटरपर्यंत आणण्याची मुभा दिली. उधाणाच्या लाटेला ही मुभा ठाऊक नसते.

गुहागर, दिवेआगरसारख्या जुन्या गावांची मांडणी मात्र बोलकी आहे: आधी पुळण (वाळूचा किनारा), मग वाडी, तिच्यामागे घर आणि रस्ता. वाडी वारा अडवते, उडणारी वाळू थोपवते. ती तोडून पुढे बांधलेले निवास ही ओळ मोडतात. पुळणीवर हिवाळ्यात तंबू चालतील, जूननंतर तीच जागा अयोग्य. त्यामुळे कोकणात एका जमिनीचे दोन हंगामी नकाशे करावे लागतात.