जुनी अमेरिकन सेडान विकायची आहे? आधी हे वाचा

कॅडिलॅक, लिंकन, पॅकार्ड किंवा इम्पिरियल वर्षानुवर्षं गॅरेजमध्ये उभी आहे, चालत नाही किंवा कशीबशी चालते, आणि आता ती विकायचं ठरलंय, अशा मालकांसाठी हे पत्रक आहे. गाडी विकून देण्यासाठी आमच्याकडे येणारे बहुतेक जण पहिल्यांदा हेच विचारतात: आधी रंग मारून घेऊ का? आमचं उत्तर बहुतेक वेळा ‘नको’ असं असतं.

आधी खर्च का करू नये

चार दारांच्या गाडीला त्याच वर्षाच्या, त्याच कंपनीच्या कन्व्हर्टिबलपेक्षा (उघडणाऱ्या छपराच्या गाडीपेक्षा) बाजारात बरीच कमी किंमत येते. कामाचा खर्च मात्र तेवढाच. क्रोम तेवढंच, सीटचं लेदर तेवढंच, आणि पत्रा तर कधीकधी जास्तच. त्यामुळे विकण्याआधी घातलेले पैसे सेडानमध्ये सहसा वसूल होत नाहीत. त्यातून घाईत मारलेला ताजा रंग बघितला की जाणकार गिऱ्हाईक सावध होतं: खाली किती पुट्टी भरली असेल? उलट फिकट पडलेला, ठिकठिकाणी विटलेला कंपनीचा मूळ रंग त्याला खूप काही सांगतो. पत्रा मूळचा आहे, अपघात झालेला नाही, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

क्रोमलाही हात लावू नका. बंपर पोलादी असतात, त्यांच्यावर क्रोम पुन्हा चढवता येतं. पण दिव्यांच्या कडा, चिन्हं, दारांचे हँडल असे बरेचसे भाग जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात. त्यांच्यावर आलेले बारीक फोड आतून येतात. ते कोरून, भरून, नव्याने क्रोम चढवणं हे फार कौशल्याचं आणि महागडं काम आहे, आणि घासायला गेलात तर होतं ते क्रोमही उडतं.

गंज आणि सुटे भाग

गाडीची खरी किंमत इथे ठरते. 1957 ते 1964 च्या कॅडिलॅकखाली इंग्रजी एक्सच्या आकाराची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, आहे, तिच्यावर बॉडी बोल्टने बसवलेली. 1961 च्या लिंकन कॉन्टिनेंटलला वेगळी चासीच नाही, बॉडीच सगळा भार पेलते. म्हणून लिंकनच्या दाराखालच्या पट्ट्यांत गंज असेल तर तो नुसता दिसण्याचा प्रश्न राहत नाही. तपासायला साधं चुंबक पुरतं: मऊ कापडात गुंडाळून दाराखाली, मडगार्डच्या कडांवर, डिकीच्या तळाशी फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पुट्टी आहे. डिकीतली मॅट उचलून पाहा, ओल तिथेच साचते.

सुटलेला एकही तुकडा टाकू नका. खोक्यात पडलेली पट्टी, तुटकं चिन्ह, जुना रेडिओ, सगळं गाडीसोबत ठेवा. 1959 च्या सपाट छपराच्या कॅडिलॅकची मागची काच दोन्ही बाजूंना वळलेली असते. ती शाबूत असेल तर तिचा वेगळा फोटो काढा, घेणारा आधी तेच विचारणार आहे.

इंजिन

बंद पडलेल्या इंजिनला नवी बॅटरी जोडून स्टार्टर मारू नका. आधी स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडावं, ते मुरू द्यावं आणि इंजिन हाताने फिरतंय का पाहावं. टाकीतलं जुनं पेट्रोल वापरू नये. इंजिन सुरू झालं तरी ब्रेकवर भरवसा ठेवून गाडी रस्त्यावर नेऊ नका. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत ब्रेकची एकच लाइन असते, ती फुटली तर चारही चाकांचे ब्रेक जातात. कॅडिलॅकने दुहेरी व्यवस्था 1962 मध्ये आणली.

कागद

अमेरिकेत 17 आकडी-अक्षरी व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, 1981 च्या मॉडेलपासून आला. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी, आणि 1950 च्या दशकाच्या मध्यापर्यंत अनेक राज्यांत गाडीची नोंद इंजिनच्या नंबरावर होत असे. मध्ये कधी इंजिन बदललं असेल तर टायटलवरचा (गाडीच्या मालकीच्या कागदावरचा) नंबर जुळणार नाही. ही अडचण गिऱ्हाईक दारात उभं असताना नको, आधीच पाहून घ्या. टायटल वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तर ते तुमच्या नावावर करून घेणं हे पहिलं काम.

जाहिरात आणि गिऱ्हाईक

झाकली मूठ सव्वा लाखाची, हा हिशेब इथे चालत नाही. गंजाचे फोटो आम्ही चांगल्या फोटोंच्या आधी लावतो. गाडी कोरडी असतानाच फोटो काढतो, कारण ओल्या रंगावर ओरखडे दिसत नाहीत. असं केल्याने फोन कमी येतात, पण येतात ते गाडी घ्यायलाच येतात, आणि समोर आल्यावर भाव पाडत नाहीत.

एक गोष्ट आम्ही तुम्हाला आवर्जून विचारू. काही जण सेडान घेतात ती खोलून तिचे भाग कन्व्हर्टिबलला लावण्यासाठी. कुजलेल्या गाडीचं तसं झालं तर आमची हरकत नाही. पण दुरुस्त होण्यासारखी सेडान खोलली जावी असं आम्हाला अजिबात वाटत नाही. तुम्हालाही तसंच वाटत असेल तर थोडा कमी भाव देऊन गाडी दुरुस्त करणाऱ्याला आम्ही प्राधान्य देऊ. निर्णय तुमचा.

गाडी देताना

1959 ची कॅडिलॅक 225 इंच, म्हणजे सुमारे 5.7 मीटर लांब आहे. ट्रेलर मागवताना लांबी, वजन आणि चाकं फिरतात की नाही हे तिन्ही सांगा. रक्कम बँकेत खरोखर जमा झाल्याशिवाय टायटलवर सही करू नका. विक्रीपत्रावर ‘आहे त्या स्थितीत’ असं स्पष्ट लिहा, विक्रीची नोंद आपल्या राज्याच्या वाहन खात्यात त्याच दिवशी द्या आणि विमा त्यानंतरच बंद करा.