प्रॉक्सी मधे आली की एका कनेक्शनची दोन होतात

एखादा प्रोग्रॅम दूरच्या सर्व्हरकडून पान मागवतो तेव्हा आधी टीसीपी कनेक्शन, म्हणजे दोन यंत्रांमधला दुवा, जोडावे लागते. पत्ता एचटीटीपीएसचा असेल, तर त्यावर टीएलएसच्या, म्हणजे मजकूर कुलूपबंद करण्याच्या, किल्ल्या ठरतात आणि मग कुठे मागणी निघते. जाऊन-येऊन एका फेरीला २०० मिलिसेकंद लागतात असे धरू. टीसीपीची एक फेरी, टीएलएस १.३ ची एक आणि मागणीची एक, असे ६०० मिलिसेकंद जातात. कनेक्शन उघडे राहिले तर दुसऱ्या मागणीला २०० पुरतात. म्हणूनच १९९७ च्या एचटीटीपी १.१ ने दर उत्तरानंतर कनेक्शन तोडण्याचा जुना नियम उलटा केला: कुणी ‘कनेक्शन: क्लोज’ असे हेडर (मागणी किंवा उत्तराच्या डोक्यावरची सूचनेची ओळ) पाठवेपर्यंत कनेक्शन चालूच राहते.

प्रॉक्सी, म्हणजे आपल्या मागण्या पुढे पोचवणारा मधला सर्व्हर, वाटेत आली की कनेक्शन दोन होतात, एक आपल्यापासून प्रॉक्सीपर्यंतचे आणि दुसरे प्रॉक्सीपासून सर्व्हरपर्यंतचे. ‘कनेक्शन’ हे हेडर फक्त एका टप्प्यापुरते असते. प्रॉक्सीने ते वाचून काढून टाकायचे असते, पुढे ढकलायचे नसते.

एचटीटीपी १.० च्या काळातल्या कित्येक प्रॉक्सींना हे माहीत नव्हते. ब्राउझरचे ‘कीप-अलाइव्ह’, म्हणजे कनेक्शन उघडे ठेवा असे सांगणारे हेडर, त्या जसेच्या तसे पुढे पाठवत. सर्व्हर त्यामुळे कनेक्शन उघडे ठेवी. प्रॉक्सीला मात्र कनेक्शन तुटले की उत्तर संपले एवढेच ठाऊक, त्यामुळे ती वाट पाहत बसे आणि पान लटकून राही. यावर नेटस्केपने ‘प्रॉक्सी-कनेक्शन’ नावाचे वेगळे हेडर काढले. वाटेत एक जुनी आणि एक नवी अशा दोन प्रॉक्सी आल्या, की तोही उपाय फसे. आजचे मानक सांगते की क्लायंटने ते पाठवू नये. नव्या कोडमध्ये ते हाताने घालू नका.

पायथॉनच्या ‘रिक्वेस्ट्स’ या पाने मागवणाऱ्या लायब्ररीत पहिली चूक होते ती ‘रिक्वेस्ट्स.गेट’ पुन्हा पुन्हा वापरण्याची. त्यात दर वेळी नवे सेशन बनते आणि लगेच मोडते. एकच ‘सेशन’ बनवून तेच वापरावे. सेशन आपली उघडी कनेक्शने ‘पूल’मध्ये, म्हणजे पुन्हा वापरायच्या साठ्यात, ठेवते. साध्या एचटीटीपीसाठी प्रॉक्सीकडच्या कनेक्शनांचा एकच पूल असतो आणि सगळ्या साइट्सच्या मागण्या त्यातूनच जातात. एचटीटीपीएसला मात्र ‘कनेक्ट’ आदेशाने प्रत्येक साइटसाठी प्रॉक्सीतून थेट सर्व्हरपर्यंत वेगळा बोगदा खणावा लागतो, त्यामुळे पूलही साइटनिहाय वेगळा. पूलमध्ये मुळात १० कनेक्शन राखली जातात. ५० थ्रेड्स (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धारा) चालवले तर वरची ४० काम झाल्यावर फेकली जातात आणि ‘कनेक्शन पूल इज फुल’ अशी सूचना लॉगमध्ये दिसू लागते. अशा वेळी सेशनला जोडायच्या ‘एचटीटीपी-अडॅप्टर’मध्ये ‘पूल-मॅक्ससाइझ’ थ्रेड्सच्या संख्येइतका ठेवा. ‘स्ट्रीम’ (उत्तर तुकड्यातुकड्याने वाचण्याची सोय) चालू असेल तर उत्तर शेवटपर्यंत वाचल्याशिवाय किंवा बंद केल्याशिवाय कनेक्शन पूलमध्ये परतत नाही.

‘कनेक्शन: क्लोज’ पाठवले तरी परिणाम दोन्हीकडे सारखा नसतो. साध्या एचटीटीपीत आपल्या बाजूचे कनेक्शन तुटते, पण प्रॉक्सी सर्व्हरकडचे स्वतःचे कनेक्शन उघडे ठेवू शकते. बोगद्यात हेच हेडर कुलूपबंद जाते. प्रॉक्सीला ते दिसत नाही. सर्व्हर ते वाचतो, कनेक्शन तोडतो आणि त्यामागोमाग बोगदा कोसळतो.

दर मागणीला कनेक्शन तोडण्याची सवय प्रॉक्सीपुढे जास्त महागात पडते. आपण तोडलेले कनेक्शन लिनक्समध्ये ६० सेकंद ‘टाइम-वेट’ अवस्थेत राहते आणि पोर्ट, म्हणजे आपल्या बाजूचा कनेक्शनचा क्रमांक, अडवून ठेवते. लिनक्स मुळात ३२७६८ ते ६०९९९ एवढेच पोर्ट वापरते, म्हणजे २८,२३२. साइट्स शंभर असल्या तरी समोरचा पत्ता एकाच प्रॉक्सीचा असतो आणि एका पत्त्याकडे जाताना अडलेले पोर्ट पुन्हा वापरता येत नाही. म्हणून सेकंदाला साधारण ४७० नव्या कनेक्शनांपलीकडे गेले, की ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस’ ही चूक येते.

उघडे ठेवण्यातही धोका आहे. आपली मागणी निघण्याच्या क्षणीच पलीकडून कनेक्शन बंद झाले तर ‘रिमोट एंड क्लोज्ड कनेक्शन’ ही चूक मिळते. ती कधीतरीच येते, म्हणून सापडायला छळते. यावर उपाय एकच: पलीकडच्याआधी आपण सोडायचे. स्क्विड प्रॉक्सी रिकामे क्लायंट-कनेक्शन मुळात २ मिनिटे धरते. लिबकर्ल ही पाने मागवणारी दुसरी लायब्ररी ११८ सेकंद रिकामे पडलेले कनेक्शन पुन्हा वापरतच नाही, म्हणजे स्क्विडच्या दोन सेकंद आतच. बोगद्यात मात्र मूळ सर्व्हरच्या प्रोग्रॅमची मुदत चालते: अपाचेची मुळात ५ सेकंद, एनजिनएक्सची ७५. ‘रिक्वेस्ट्स’मध्ये अशी मुदत नाही. शेवटच्या मागणीची वेळ नोंदवून ठेवा आणि मधे जास्त वेळ गेला असेल तर ‘सेशन.क्लोज’ करा. तेच सेशन पुढे पुन्हा वापरता येते.

एवढे करूनही चूक आलीच, तर ‘गेट’ (नुसते पान मागणारी मागणी) बिनधास्त पुन्हा पाठवावे. ‘पोस्ट’ (सर्व्हरवर काही घडवणारी मागणी) तसे पाठवू नये, कारण पहिली मागणी सर्व्हरपर्यंत पोचून पैसे कापले गेलेले असू शकतात आणि तुटलेल्या कनेक्शनवरून ते कळत नाही.