रंगाविना कोलॅजन-सूक्ष्मदर्शन

ऊतीला रंग किंवा चमकणारे द्रव्य न लावता, केवळ प्रकाशाच्या साहाय्याने तिच्यातील कोलॅजन धाग्यांची मांडणी पाहण्याच्या पद्धतींना हे नाव देता येईल. कोलॅजन हे शरीरातील सर्वांत मुबलक प्रथिन. एकूण प्रथिनांपैकी सुमारे ३० टक्के. त्याच्या रेणूत तीन साखळ्या दोरीसारख्या पिळलेल्या असतात. ही तिपेडी रचना मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४ साली मांडली. रेणू सुमारे ३०० नॅनोमीटर लांब असतो. असे असंख्य रेणू एका दिशेने रचले जाऊन तंतू बनतात.

येवल्याच्या मागावर पैठणी विणताना पाहिली की या पद्धतीची गरज चटकन उमगते. रेशीम किती लागले ते तराजू सांगेल. ते ताण्यात किती गेले, बाण्यात किती, हे कापड पाहूनच कळते. पॅथॉलॉजीत रोज वापरले जाणारे रंग कोलॅजन कुठे आहे आणि साधारण किती आहे ते दाखवतात. पण कंडरेचे, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या पट्ट्याचे, बळ आणि व्रणाचा ताठरपणा धाग्यांच्या दिशेवरही ठरतो.

सर्वांत जुना मार्ग ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या, प्रकाशाचा. नाशिकच्या बेसाल्टचा पातळ काप भूशास्त्राचे विद्यार्थी ज्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, तोच इथेही चालतो. असा प्रकाश गाळून देणारे, एकमेकांना काटकोनात धरलेले दोन ध्रुवक, मध्ये कंडरेचा पाच मायक्रोमीटर जाडीचा बिनरंगी काप. सारे क्षेत्र काळे दिसते आणि त्यात तंतू फिकट राखाडी उजळतात. काप ठेवलेली चकती फिरवत गेले की तेच तंतू विझतात, ४५ अंशांवर पुन्हा सर्वांत उजळ होतात. कुठला तंतू कधी विझला यावरून त्याची दिशा कळते. मात्र हा उजेड मंद असतो.

खरी झेप लेझरने घेतली. १९६१ मध्ये पीटर फ्रँकेन आणि सहकाऱ्यांनी क्वार्ट्झमधून माणकाच्या लेझरचा लाल प्रकाश सोडला, तेव्हा निम्म्या तरंगलांबीचा अतिनील प्रकाश बाहेर पडला. शोधनिबंध छापताना छायाचित्रातला तो पुरावा देणारा ठिपका डाग समजून पुसला गेला, ही गोष्ट विज्ञानाच्या इतिहासात आवर्जून सांगितली जाते. या घटनेला सेकंड हार्मोनिक जनरेशन, थोडक्यात एसएचजी म्हणतात. ८०० नॅनोमीटरचे दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, मिळून ४०० नॅनोमीटरचा एक होतो. आतील रचना मध्यबिंदूच्या दोन्ही बाजूंना सममित असेल तर हे घडत नाही. कोलॅजनचे पिळलेले, एका दिशेने रचलेले रेणू तसे सममित नसतात; म्हणून फेम्टोसेकंद लेझरच्या अतिसूक्ष्म काळाच्या स्पंदांखाली ते आपणहून निळे-जांभळे उजळतात. या क्रियेत प्रकाश शोषला जात नाही, फक्त बदलून बाहेर येतो. इलॅस्टिन या ऊतीतल्या लवचीक प्रथिनाकडून असा संकेत मिळत नाही. ते स्वतःच्या प्रतिदीप्तीने, म्हणजे प्रकाश शोषून पुन्हा चमकण्याने, वेगळे ओळखता येते.

स्तनाच्या कर्करोगात गाठीच्या कडेला काटकोनात उभे राहिलेले तंतू आजाराच्या वाईट वाटचालीशी जोडलेले आढळले आहेत. केवळ प्रमाण मोजून हे हाती लागले नसते.

नाशिककरांना मात्र या विषयाचे मोल तोंडाच्या आजारातून अधिक जवळून कळावे. गुटखा, मावा, सुपारी यांमुळे होणाऱ्या सबम्युकस फायब्रोसिसमध्ये गालाच्या अस्तराखाली कोलॅजन साचत जाते. सुपारीतील अरेकोलिन ते बनवणाऱ्या पेशींना चेतवते, तिच्यातील तांबे तंतूंचे आपसांतील जोड पक्के करते. दंतवैद्य रुग्णाला स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगतात. ती जात नाहीत. गालात बोट फिरवले की दोरीसारखे ताठ पट्टे लागतात. ज्या शहरात रविवारची सकाळ मिसळीने उजाडते, तिथे तरण्या पोराला तिखटाचा घासही तोंडात धरवत नाही, हे फार क्लेशकारक आहे. राज्याने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तरी हा आजार हटलेला नाही, आणि त्यातून कर्करोग होण्याचा धोका असतो. बायोप्सीच्या बिनरंगी कापावर एसएचजीने धाग्यांची घनता आणि दिशा आकड्यांत मोजता येते. डोळ्यांच्या अंदाजावर ठरवलेल्या आजाराच्या पायरीला त्यामुळे पक्का आधार मिळू शकतो.

मर्यादा मोठ्या आहेत. पेशीस्तराखालच्या आधारपटलातील चौथ्या प्रकारचे कोलॅजन तंतू बनवत नाही, म्हणून एसएचजीला ते दिसत नाही. ऊतीत काही शे मायक्रोमीटरच्या खाली प्रकाश विखुरतो. लेझर महागडा असल्याने हे यंत्र मुख्यतः संशोधन संस्थांतच आढळते. ध्रुवकांची जोडी मात्र साध्या सूक्ष्मदर्शकालाही बसवता येते.