ब्रॉडबँडचा लॉगिन पासवर्ड आणि वाय-फायचा पासवर्ड: कोणता कोणाच्या ताब्यात असतो

घरी फायबरची जोडणी करून देणारा तंत्रज्ञ जाताना दोन पासवर्ड मागे ठेवून जातो. एक तो स्वतः राउटरमध्ये भरतो आणि ग्राहकाला तो बहुधा पुन्हा कधीच टाकावा लागत नाही. दुसरा घरातले सगळेजण आपापल्या मोबाईलमध्ये टाकतात आणि पाहुणा आला की त्यालाही सांगतात. बोलताना दोन्हींना ‘नेटचा पासवर्ड’ असेच म्हटले जाते. त्यामुळे ‘पासवर्ड बदलून घ्या’ अशी सूचना आली की बहुतेक ग्राहक नेमका चुकीचा पासवर्ड बदलतात, किंवा एक बदलल्याने दुसराही सुरक्षित झाला असे समजतात. प्रत्यक्षात हे दोन पासवर्ड वेगळ्या ठिकाणी साठवले जातात, वेगळ्या वाटांनी फुटतात आणि त्यांची जबाबदारीही वेगवेगळ्या हातांत असते.

लॉगिन पासवर्ड हा ग्राहक आणि पुरवठादार कंपनी यांच्यातला असतो. पीपीपीओई या पद्धतीत, जिचे तांत्रिक वर्णन १९९९ साली प्रसिद्ध झाले, राउटर सुरू होताच कंपनीच्या यंत्रणेला युजर आयडी आणि पासवर्ड देऊन आपली ओळख पटवतो. कंपनीकडचे प्रवेशद्वाराचे उपकरण ही माहिती रेडियस सर्व्हरकडे, म्हणजे ग्राहकांची ओळख तपासणाऱ्या यंत्राकडे, पाठवते, आणि तिथून होकार आला की घराला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा ओळख क्रमांक, मिळतो, योजनेनुसार वेग ठरतो व वापराची नोंद सुरू होते. वाय-फायच्या पासवर्डाचा या साऱ्या व्यवहाराशी काहीही संबंध नसतो. तो मोबाईल आणि घरातला राउटर यांच्यापुरता असतो, आणि फायबर तुटलेली असली तरी तो आपले काम करत राहतो.

लॉगिन पासवर्ड कंपनी कसा सांभाळते, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. एखाद्या संकेतस्थळाचा पासवर्ड कसा साठवावा, याचे उत्तर आता पक्के झालेले आहे: मूळ शब्द ठेवायचाच नाही, त्याचा हॅश, म्हणजे ज्यातून मूळ शब्द परत काढता येत नाही असा गणिती ठसा, तेवढा ठेवायचा. ब्रॉडबँडच्या लॉगिनला मात्र हे उत्तर नेहमी लागू पडत नाही. ओळख पटवण्याच्या दोन जुन्या पद्धती इथे चालतात. त्यांपैकी पॅप या पद्धतीत राउटर पासवर्ड आहे तसा, उघडा, पाठवतो. कंपनी आलेल्या शब्दाचा हॅश काढून जुळवून पाहू शकते, म्हणजे साठवण सुरक्षित ठेवता येते, पण वाट उघडी राहते. इमारतीच्या जिन्यातल्या स्विचपर्यंत, म्हणजे घराघरांच्या जोडण्या एकत्र करणाऱ्या पेटीपर्यंत, पोहोचलेल्या माणसाने, जिथे घराघरांच्या जोडण्या एकमेकींपासून वेगळ्या केलेल्या नाहीत अशा जाळ्यात, खोटा पीपीपीओई सर्व्हर उभा केला, तर एखादा राउटर त्यालाच खरा समजून पासवर्ड देऊन टाकतो.

चॅप या दुसऱ्या पद्धतीत पासवर्ड तारेवरून जातच नाही. सर्व्हर एक यादृच्छिक आकडा पाठवतो, राउटर तो आकडा आणि पासवर्ड एकत्र करून एमडी५ या गणिती रीतीने त्यांचा हॅश काढतो आणि फक्त ते उत्तर परत पाठवतो. वाट बरीच सुरक्षित होते, पण तेच गणित सर्व्हरलाही करावे लागत असल्याने त्याच्याकडे मूळ पासवर्ड उपलब्ध असावाच लागतो. चॅपच्या १९९६ च्या तांत्रिक तपशिलातच हे स्पष्ट म्हटले आहे, की परत न उलगडणाऱ्या स्वरूपात साठवलेले पासवर्ड या पद्धतीला चालत नाहीत. याचा अर्थ असा, की पुरवठादाराला वाट आणि साठवण यांपैकी एकीकडचा धोका पत्करावाच लागतो, आणि उरलेला धोका इतर उपायांनी कमी करावा लागतो. पॅप वापरणाऱ्याने प्रत्येक घराची जोडणी वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच तारांवरच्या स्वतंत्र आभासी जाळ्यात, ठेवावी. चॅप वापरणाऱ्याने पासवर्डांचा साठा कूटबद्ध ठेवून त्याची किल्ली वेगळ्या यंत्रावर ठेवावी. दोघांनीही लॉगिन त्या घराच्या जोडणीशी बांधून टाकावे, म्हणजे चोरलेला पासवर्ड दुसऱ्या पत्त्यावरून चालणार नाही.

म्हणूनच ग्राहक सेवेतल्या माणसाने फोनवर आपला लॉगिन पासवर्ड वाचून दाखवला, तर तेवढ्यावरून कंपनीची साठवण निष्काळजी आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. परंतु यंत्रणेला मूळ पासवर्ड लागतो म्हणून तो फोन घेणाऱ्या कर्मचाऱ्यालाही पडद्यावर दिसला पाहिजे, असे मुळीच नाही. त्याला फक्त नवा पासवर्ड तयार करून नोंदणीकृत क्रमांकावर पाठवण्याची सोय पुरते. पासवर्ड वाचून दाखवणे ही तांत्रिक अपरिहार्यता नसून कंपनीने स्वतःसाठी निवडलेली सवलत आहे, आणि तिची किंमत ग्राहक मोजतो, असे माझे स्पष्ट मत आहे. सर्व ग्राहकांना एकच ठरीव पासवर्ड देणे, किंवा मोबाईल क्रमांकच पासवर्ड म्हणून ठेवणे, हेही याच प्रकारात मोडते. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे बिल भरण्याच्या पोर्टलसाठी हाच पासवर्ड वापरणे. पोर्टलच्या पासवर्डाला चॅपची अडचण नसते, तो हॅश करूनच ठेवला पाहिजे. दोन्ही एक केले की उलगडता येणाऱ्या त्या एका शब्दामागे ग्राहकाचा पत्ता, बिले आणि काही वेळा ओळखपत्राची प्रतही उघडी पडते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, हे अशा वेळी लक्षात घ्यावे.

वाय-फायच्या पासवर्डाचा धोका वेगळ्या जागी आहे. डब्ल्यूपीए२ या वाय-फाय सुरक्षेच्या पद्धतीत ८ ते ६३ अक्षरांचा पासवर्ड आणि वाय-फायचे नाव यांच्यापासून ४,०९६ आवर्तनांचे गणित करून किल्ली तयार होते. मोबाईल जोडला जात असतानाची देवाणघेवाण शेजारच्या घरात बसूनही टिपता येते आणि मग निवांतपणे, राउटरला कळूही न देता, शब्दांवर शब्द लावून पाहता येतात. दहा आकडी मोबाईल क्रमांक पासवर्ड म्हणून ठेवला असेल, तर चांगल्या ग्राफिक्स कार्डाला सगळे संभाव्य क्रमांक तपासायला काही तास पुरतात. २०१८ पासून आलेल्या डब्ल्यूपीए३ या पुढच्या पद्धतीत अशी निवांत तपासणी करता येत नाही. जुन्या राउटरवर लांब आणि अंदाज न येणारा पासवर्ड हाच खरा उपाय आहे.

वाय-फाय सर्वस्वी घराच्या ताब्यात असते, असे मात्र समजू नये. टीआर-०६९ या व्यवस्थेमुळे पुरवठादार दूर बसून राउटरची मांडणी वाचू व बदलू शकतो, आणि पुष्कळ राउटरांत वाय-फायचे नाव व पासवर्ड याच वाटेने भरले जातात. सोय मोठी आहे, पण ही वाट नीट बंद केलेली नसेल तर काय होते, ते ब्रिटनमधील टॉकटॉक कंपनीच्या ग्राहकांनी २०१६ च्या अखेरीस अनुभवले. देखभालीशी संबंधित एक मार्ग इंटरनेटवरून उघडा राहिल्याने बाहेरच्या माणसाला राउटरमधला वाय-फाय पासवर्ड मागून घेता येत होता. कंपनीच्या दुरुस्तीनंतर राउटर पूर्ववत झाले आणि राउटरवर छापलेला मूळ पासवर्ड पुन्हा लागू झाला, म्हणजे अनेक घरांत तोच, जो आधीच चोरीला गेलेला असू शकत होता. तरीही वाय-फायचा पासवर्ड बदलण्याची गरज नाही असे कंपनी सांगत राहिली, आणि सुरक्षा अभ्यासकांनी त्यावर रास्त टीका केली.

दोन पासवर्डांचा संबंध किती खोल आहे, हे महाराष्ट्राला २००८ साली कळले. त्या वर्षीच्या २६ जुलैच्या अहमदाबाद बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी पाठवलेल्या ईमेलचा आयपी पत्ता शोधत पोलीस नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या घरी पोहोचले. त्यांच्या वाय-फायला संरक्षण नव्हते आणि बाहेरच्या कोणीतरी ते वापरले होते. लॉगिनने आपले काम अचूक केले होते: जोडणी कोणाच्या नावावर आहे ते त्याने सांगितले. मात्र त्या जोडणीवर प्रत्यक्षात कोण बसले होते, हे लॉगिनला ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. आजही पुरवठादाराच्या नोंदीतून आयपी पत्ता कोणत्या ग्राहकाचा होता हे कळते, तो प्रत्यक्ष कोणी वापरला हे नाही, आणि २०२१ च्या अखेरीस पुरवठादारांच्या सरकारी परवान्यात झालेल्या बदलानुसार अशा नोंदी किमान दोन वर्षे जपाव्या लागतात. वाय-फायमधून कोणी शिरले तरी नोंद लॉगिनच्या मालकाच्या नावावरच होते.

त्यामुळे घर भाड्याने देताना, कामावरची माणसे बदलल्यावर किंवा पासवर्ड बऱ्याच जणांकडे गेल्याचे जाणवल्यावर वाय-फायचा पासवर्ड बदलावा. पाहुण्यांसाठी राउटरमधले वेगळे गेस्ट नेटवर्क सुरू करणे त्याहून बरे. लॉगिन पासवर्ड मात्र मनाने राउटरमध्ये बदलू नये. तो आधी कंपनीकडे बदलावा लागतो, नाहीतर जोडणीच बंद पडते. तो बदलून घेताना पुरवठादाराला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: माझे लॉगिन माझ्याच जोडणीशी बांधलेले आहे का, पोर्टलचा पासवर्ड यापेक्षा वेगळा ठेवता येतो का, आणि तुमच्या कर्मचाऱ्यांना माझा पासवर्ड वाचता येतो का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले, तर तो कोणकोणत्या पदावरच्या माणसांना दिसतो आणि कोणी केव्हा पाहिला याची नोंद राहते का, हेही विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे.